चौथीच्या वर्गात आफ्रिका

पुण्यातल्या एका मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात, आता त्याला बरीच वर्षे झाली, रंगमंचामागच्या अरुंद खोलीत बसून मी चौथीच्या चौदा मुलांच्या तोंडाला आणि हातांना काळा रंग फासला होता. कमरेला क्रेप कागदाच्या झालरी, डोक्याला कोंबडीची पिसे, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘आफ्रिकन नृत्य’ एवढेच नाव. ते नृत्य कोणत्या देशातले, कोणत्या लोकांचे, ते लोक ते कधी आणि कशासाठी नाचतात, हे मला ठाऊक नव्हते आणि मला ते कोणी विचारलेही नाही. पालकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. नंतर नळाखाली रंग धुऊन काढताना एका मुलाने विचारले, “बाई, तिकडची मुलं शाळेत जातात का?” मी “जातात की” म्हणाले, पण त्यापुढे सांगण्यासारखे माझ्याजवळ एक वाक्यही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘आफ्रिका’ हा शब्द लिहिला आणि आठवेल ते सांगा म्हटले. सिंह, जिराफ, जंगल, वाळवंट, काळी माणसे, भूक, ढोल. एवढ्यावर फळा थांबला. गाव, शहर, शेत, बाजार, राजा, पुस्तक, आजी यांपैकी काहीही कोणाच्या तोंडून आले नाही. मुले नऊ वर्षांची होती. आम्ही त्यांना आफ्रिकेविषयी काहीच शिकवले नव्हते, तरी ती बरेच काही शिकून बसली होती. व्यंगचित्रांतून, जाहिरातींतून, घरातल्या बोलण्यातून आणि शाळेने स्वतःच्या हाताने फासलेल्या काळ्या रंगातून त्यांनी ते उचलले होते. प्राथमिक शाळेत आफ्रिकेचा इतिहास आणि तिथल्या संस्कृती रीतसर, वेळापत्रकात तास देऊन शिकवल्या पाहिजेत, आणि त्याची सुरुवात चौथीतच झाली पाहिजे, असे मी म्हणते ते या अनुभवावरून. शाळा जिथे गप्प बसते तिथली जागा रिकामी राहत नाही. ती दुसरे कोणीतरी भरते.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्षणशास्त्राचाच आधार घेऊन. परिचिताकडून अपरिचिताकडे, जवळून दूर, हा आपल्या परिसर अभ्यासाचा पाया आहे. तिसरीत आपला जिल्हा, चौथीत शिवछत्रपती आणि महाराष्ट्र, पुढे भारत, आणि मग हायस्कूलकडे जाता जाता जग. हा क्रम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याच क्रमाने मी अठ्ठावीस वर्षे शिकवले. पण ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ आपण किलोमीटरमध्ये लावतो, आणि तिथे आपली गफलत होते. नऊ वर्षांच्या मुलाला जवळचे काय असते? ताटातली भाकरी, चिंचेचे बुटूक, दिवाळीतला किल्ला, पहिला पाऊस, नुकतीच पाठ झालेली बाराखडी. या प्रत्येक गोष्टीतून आफ्रिकेकडे जाणारी वाट आहे, आणि ती खरी वाट आहे, ओढूनताणून काढलेली नाही.

भाकरीचेच घेऊ. ज्वारी ही पूर्व सुदानच्या भागातल्या शेतकऱ्यांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रानातल्या गवतातून निवडून निवडून तयार केली. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यातली, आजच्या माली देशाच्या परिसरातली. नाचणी इथिओपिया आणि युगांडाकडच्या डोंगराळ मुलखातली. चवळीही आफ्रिकेतलीच. यातली ज्वारी आणि बाजरी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे पोहोचली, आणि कमी पावसाच्या दख्खनच्या पठारावर अशी रुजली की आज त्यांच्याविना देशावरच्या जेवणाची कल्पनाच आपल्याला करता येत नाही. चिंचेची गोष्ट आणखी गमतीची आहे. हे झाड मूळचे आफ्रिकेचे, पण ते भारतात इतके जुने की अरबांनी त्याच्या फळाला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असे नाव दिले, आणि पुढे युरोपीय भाषांमधले नाव त्यावरूनच पडले.

मी हे वर्गात पहिल्यांदा केले ते भोगीच्या दिवशी. मुलांना डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणायला सांगितली होती. जगाचा नकाशा जमिनीवर पसरला आणि म्हटले, या भाकरीतला प्रत्येक जिन्नस कुठून निघाला तिथे बोट ठेवू या. बाजरीसाठी बोट सहाराच्या खाली गेले, तिळासाठी पुन्हा भारतात आले, कारण तीळ आपल्याच उपखंडातला. मग एका मुलीने ते दोन ठिपके खडूने जोडले आणि विचारले, “मग ही बाजरी आणली कोणी?” त्या ‘कोणी’ची नावे आज कोणाजवळच नाहीत, पण कोणीतरी माणसांनीच ती पेरली, जपली, पोत्यात भरली, नावेत घातली. आफ्रिकेत शेतकरी असतात, आणि त्यांनी हजारो वर्षांपूर्वी घडवलेले धान्य आपण आज खातो, ही एक गोष्ट कळली की जनावरे आणि भूक यांच्यापलीकडे पहिले पाऊल पडते. त्यासाठी पुस्तकाचे पानही उलटावे लागले नाही.

पावसाचेही तसेच. पुण्यात जूनमध्ये जे ढग सिंहगडावर येऊन टेकतात त्यांना घेऊन येणारे वारे विषुववृत्त ओलांडून केनिया आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतात. हिवाळ्यात वारे उलटे वाहतात. शिडाची जहाजे शेकडो वर्षे याच वाऱ्यांच्या भरवशावर हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व आफ्रिकेकडे निघत आणि पुढच्या नैर्ऋत्य वाऱ्यांवर परतत. कापड आणि काचेचे मणी तिकडे जात, सोने आणि हस्तिदंत इकडे येई. या येण्याजाण्याच्या खुणा तिथल्या स्वाहिली भाषेत आजही सापडतात. मी फळ्यावर काही स्वाहिली शब्द देवनागरीत लिहीत असे आणि अर्थ ओळखायला सांगत असे: दुनिया, किताबु, हेसाबु, हबारी, चाय, दुका, गारी, पेसा. मुले दोन मिनिटांत सगळे ओळखत. यातले काही शब्द अरबीतून दोन्हीकडे गेलेले, काही भारतातून तिकडे गेलेले. मुलांना तेवढा तपशील लागत नाही. आपण ज्या लोकांना पूर्ण परके समजत होतो त्यांच्या दुकानात उभे राहून आपल्याला थोडेफार समजेल, हा आनंद त्यांना पुरतो.

आणि नकाशा. आपल्या भिंतीवरच्या ज्या नकाशावर जग चौकोनी ताणलेले असते त्यावर ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलँडच्या चौदा पट आहे. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून भारत गिरवायचा, कापायचा आणि तो आफ्रिकेवर किती वेळा बसतो ते पाहायचे, हा एका तासाचा खेळ आहे. नऊ वेळा बसतो. नऊ भारत मावतील एवढ्या भूमीवर ५४ देश आहेत आणि दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत, हे कळल्यावर ‘आफ्रिकन नृत्य’, ‘आफ्रिकन भाषा’, ‘आफ्रिकन जेवण’ ही शब्दरचनाच चुकीची आहे हे मूल स्वतःच म्हणू लागते. भरतनाट्यम, लावणी, बिहू आणि भांगडा यांना मिळून एकच ‘आशियाई नृत्य’ म्हटले तर आपल्याला कसे वाटेल, असे मी विचारले तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मला अजून आठवतो.

आता इतिहासाकडे येते. आपला इतिहास आधी, दुसऱ्यांचा नंतर, असे म्हणणाऱ्यांना मी विचारते की मलिक अंबर कोणाच्या इतिहासात घालायचा? चौथीतच मुलांना मालोजीराजे, शहाजीराजे, निजामशाही, जुन्नर आणि शिवनेरी ही नावे भेटतात. याच निजामशाहीचा कारभार १६०० नंतर पाव शतक ज्याच्या हाती होता तो मलिक अंबर इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, बाजारांतून बाजारांत जात बगदादमार्गे दख्खनला आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशीच होता. मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबराने विखुरलेले सैन्य गोळा केले, नवा निजामशहा गादीवर बसवला, काही काळ आपल्या पुणे जिल्ह्यातले जुन्नर ही राजधानी केली, जमीन महसुलाची घडी बसवली आणि मराठा घोडदळाच्या बळावर गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले, आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. १६१०मध्ये त्याने वसवलेले खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नळ टाकून आणलेले पाणी आजही ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ओळखले जाते. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आलेल्या पेशवाईतल्या नळाची गोष्ट पुण्याच्या मुलांना आम्ही दरवर्षी सांगतो. तिच्याशेजारी ही गोष्ट सहज बसते.

हा माणूस आपल्या इतिहासातून बाजूला काढता येत नाही, आणि आफ्रिकेच्या इतिहासातूनही नाही. त्याला ‘हबशी’ का म्हणतात असे मुले विचारतात. हबश हे अरबांनी इथिओपियाला दिलेले नाव, आणि मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपल्याकडे हबसाण म्हणत ते त्यावरूनच. जंजिऱ्याला सहल जाते तेव्हा मुले तोफा पाहतात, बुरूज मोजतात, किल्ला अजिंक्य का राहिला ते ऐकतात. पण तो किल्ला लढवणारे लोक कुठून आले, कसे आले, त्यांचे आज काय झाले, हे त्यांना कोणी सांगत नाही. सिद्दी समाज आजही महाराष्ट्रात, कर्नाटकात, गुजरातेत राहतो. ते परदेशी नाहीत.

इथे गुलामगिरीचा विषय येतो, आणि इथेच बहुतेक शिक्षक थांबतात. एवढ्या लहान मुलांना हे सांगावे का? माझे उत्तर असे की सांगावे, पण आकड्यांनी किंवा साखळदंडांच्या चित्रांनी सांगू नये. एक मुलगा होता, त्याचे आधीचे नाव चापू असे सांगतात, त्याला घरापासून तोडून विकले गेले. एवढे सांगितले तरी नऊ वर्षांच्या मुलाला गुलामगिरी म्हणजे काय ते समजते. माझ्या वर्गात एका मुलाने विचारले होते, “तो मोठा सरदार झाल्यावर आईला भेटायला गेला का?” मी म्हटले, त्याच्या आईविषयी इतिहासात काही लिहिलेले नाही. वर्ग बराच वेळ शांत होता. मुलांना दुःख सोसवत नाही असे आपण म्हणतो, पण शिवरायांच्या गोष्टीत अफजलखानाचा वध आणि संभाजीराजांचा शेवट सांगताना आपल्याला ही काळजी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागते. गुलामांचा व्यापार म्हणजे गोऱ्या लोकांनी अटलांटिक महासागरापलीकडे केलेले पाप, एवढेच शिकवले तर ते अर्धसत्य होईल. अरबी समुद्रावरही हा व्यापार चालत होता, दख्खनच्या सुलतानांनी माणसे विकत घेतली होती, आणि पेशवाईतल्या पुण्यातही बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, यांची खरेदीविक्री होत असे. हे चौथीत नाही तरी सहावी-सातवीत सांगता येईल. पण चौथीत जे सांगू ते पुढे खोटे ठरेल असे असू नये.

याच्या उलट बाजूला जे घडवले गेले ते आहे, आणि मुलांचा जीव खरा तिथेच रमतो. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला आम्ही दरवर्षी मुलांना नेत असू. आठव्या शतकातले ते लेणे, तो गोल नंदीमंडप, सगळे एकाच काळ्या खडकात कोरलेले. वरून दगड आणून ठेवलेला नाही, आतला दगड काढून टाकलेला आहे, हे समजायला मुलांना वेळ लागतो, आणि समजले की ती भिंतींवरून हात फिरवत राहतात. एका वर्षी तिथेच बसून मी त्यांना लालिबेलाची चित्रे दाखवली. इथिओपियाच्या डोंगराळ भागातल्या या गावात अकरा चर्च आहेत, बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास लाव्हारसाच्या खडकात वरून खाली कोरत नेलेली. त्यातले एक, संत जॉर्जचे, वरून पाहिले तर अधिकच्या चिन्हासारखे दिसते आणि भोवतालच्या खड्ड्यात सुमारे बारा मीटर खोल उभे आहे. तिथे आजही पूजा होते, आणि ७ जानेवारीला त्यांच्या नाताळात पांढरी वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू चालत येतात. आपला खडक आणि त्यांचा खडक दोन्ही ज्वालामुखीतून आलेले, दोन्हीकडच्या पाथरवटांनी छिन्नी वरून खाली चालवली, आणि तरी त्यांना एकमेकांची गंधवार्ता असल्याचा काही पुरावा नाही. पाताळेश्वराच्या ओट्यावर बसलेल्या मुलाला लालिबेला दूरचे वाटत नाही. वर्गातल्या बाकावर बसून ते तसे वाटले असते.

त्याच महिन्यात, ओळखीतून, पुण्यात शिकत असलेला एक इथिओपियन विद्यार्थी आमच्या वर्गावर आला. पुण्यात आफ्रिकेतल्या कितीतरी देशांमधले विद्यार्थी शिकायला येतात, वर्षानुवर्षे राहतात, आणि इतक्या वर्षांत आमच्या शाळेने त्यांच्यापैकी एकालाही कधी बोलावले नव्हते. त्याने फळ्यावर आपली लिपी लिहून दाखवली. त्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपे होतात, स्वर बदलला की अक्षराला एखादा पाय, एखादी गाठ, एखादा कान जोडला जातो. दुसऱ्या ओळीनंतर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ही तर बाराखडी!” मग प्रत्येकाला आपले नाव त्या लिपीत हवे झाले आणि तास संपल्याची घंटा कोणी ऐकलीच नाही. त्याने हेही सांगितले की त्यांच्या पंचांगात तेरा महिने असतात, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा, आणि नवे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. अधिक महिना माहीत असलेल्या मुलांना यात काही विचित्र वाटले नाही. मला वाटते, मोठ्यांना वाटले असते.

दिवाळीच्या किल्ल्याचे मी मुद्दाम मागे ठेवले होते. पुण्यात सहामाही परीक्षा संपली की सोसायटीच्या कोपऱ्यात, वाड्याच्या अंगणात, विटा, पोती आणि चिखल घेऊन मुले किल्ला करायला बसतात; अळीव पेरतात, मावळे मांडतात. एका वर्षी माझ्या वर्गातल्या पाच मुलांनी शेजारी दुसरा किल्ला केला: आफ्रिकेच्या दक्षिण भागातले जुने दगडी शहर, ग्रेट झिम्बाब्वे. त्यांनी बारीक चपट्या खडी गोळा केल्या आणि चिखल न लावता एकावर एक रचल्या, कारण खऱ्या ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंती चुन्याशिवाय, नुसत्या ग्रॅनाइटच्या चिपा बसवून उभ्या केलेल्या आहेत. त्यांची भिंत तीनदा कोसळली. चौथ्यांदा त्यांनी तळ रुंद केला आणि ती टिकली. खरी मोठी भिंत अडीचशे मीटर घेराची आहे आणि काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे, आणि ती साधारण सातशे वर्षांपूर्वीची आहे. हे त्यांना मी आधीही सांगितले होते, पण ते किती अवघड असेल हे तीनदा भिंत कोसळल्यावर त्यांना कळले.

या जागेची पुढची गोष्ट मात्र मी सांगितलीच पाहिजे, कारण शाळेत काय शिकवले जाते यावर माणसांचे किती अवलंबून असते हे तीत आहे. शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलेले हे शहर युरोपीय वसाहतवाल्यांनी पाहिले तेव्हा ते आफ्रिकी लोकांनी बांधले असेल हे त्यांना मान्यच होईना. भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन फिनिशियन लोकांनी बांधले असेल, बायबलमधल्या शेबाच्या राणीचे असेल, अशा कथा पसरवल्या गेल्या. १९०५मध्ये आणि पुन्हा १९२९मध्ये पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांचेच बांधकाम आहे असे दाखवून दिले, तरी तिथल्या गोऱ्या राजवटीला ते पुढे कित्येक वर्षे पचले नाही. १९८०मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने या दगडी शहराचेच नाव घेतले. तिथल्या उत्खननात भारतातून गेलेले काचेचे मणीही सापडले आहेत. एखाद्या समाजाला इतिहासच नाही असे म्हणायचे, आणि इतिहास समोर दिसला की तो दुसऱ्याचा ठरवायचा, ही खोड फक्त तिथल्या राज्यकर्त्यांची नव्हती. मी मुलांच्या तोंडाला रंग फासला तेव्हा तीच खोड माझ्या हातात होती.

इथे एक धोका मला दिसतो आणि तो मी लपवणार नाही. भाकरी, मलिक अंबर, मणी, शब्द, या सगळ्या वाटांनी जाता जाता आफ्रिका म्हणजे आपल्याशी ज्याचा संबंध आहे तेवढीच, असे मुलांना वाटू शकते. तसे झाले तर आपण पुन्हा स्वतःकडेच पाहत राहिलो. म्हणून पूल ओलांडल्यावर काही गोष्टी अशा सांगाव्यात ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही. मालीचा सम्राट मन्सा मूसा १३२४ साली हजला निघाला तेव्हा कैरोत त्याने इतके सोने वाटले की तिथला सोन्याचा भाव पडला, असे अरब लेखकांनी नोंदवले आहे. मालीतलेच टिंबक्टू हे पुस्तकांचे शहर होते. २०१२ साली तिथे यादवी आली तेव्हा ग्रंथपालांनी आणि घराघरांतल्या लोकांनी हजारो हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाढवांवर आणि नावांत घालून गुपचूप बाहेर काढली. भांडारकर संस्थेतल्या पोथ्या पाहिलेल्या मुलाला ही गोष्ट सांगा आणि त्याचा चेहरा पाहा.

त्याबरोबरच आजची आफ्रिकाही हवी. नैरोबीतली गर्दीच्या वेळची वाहतूक, लागोसमधला बाजार, अक्रातल्या शाळेचा गणवेश, केनियात १९७७पासून बायकांच्या हातून कोट्यवधी झाडे लावून घेणाऱ्या आणि २००४चे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या वांगारी मथाई. फक्त जुनी वैभवे सांगितली तर मुलांना वाटते की ते लोक होऊन गेले. आणि दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्या धड्यांत गांधीजींना गाडीतून उतरवले ते १८९३चे पीटरमॅरित्झबर्गचे रेल्वे स्थानक येते, १९१२मध्ये तिकडे गेलेले आपले गोखले येतात, पण ज्यांचा तो देश होता ते लोक त्या गोष्टीत दिसत नाहीत. तेही दिसले पाहिजेत.

विरोधातल्या मुद्द्यांपैकी ओझ्याचा मुद्दा मला सर्वांत खरा वाटतो. प्राथमिक शिक्षकाच्या डोक्यावर आधीच सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे आहेत; त्यात आणखी एक विषय कोणी लादू नये. मी नवा विषय मागत नाही. परिसर अभ्यासात वर्षाला दहा-बारा तास, आहे त्याच घटकांना जोडून: अन्न या पाठाला भाकरी, ऋतूंना वारे, स्थानिक इतिहासाला मलिक अंबर, वास्तूंना लालिबेला. पण हे दहा तास शिक्षकाच्या हौसेवर सोडले तर ते होणार नाहीत, आणि झाले तर माझ्या त्या नृत्यासारखे होतील. मजकूर हातात मिळाला पाहिजे, मराठीत मिळाला पाहिजे, आणि तो जाणकारांनी तपासलेला असला पाहिजे. याबाबतीत पुण्यासारखी सोय महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. पाठ्यपुस्तके करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे, शिक्षकांचे प्रशिक्षण ठरवणारी राज्य परिषद सदाशिव पेठेत आहे, पुरातत्त्वाचा अभ्यास करणारे डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे, आणि ज्या देशांविषयी शिकवायचे तिथले तरुण आपल्याच विद्यापीठात शिकत आहेत. या चौघांना एका टेबलाभोवती बसवायला रिक्षाचे भाडे पुरेल.

आफ्रिकाच का, लॅटिन अमेरिका किंवा आग्नेय आशिया का नाही, असेही विचारले जाते. तेही हवे आहेत. पण ज्या खंडाविषयी मुलांच्या मनात आधीच सर्वांत जास्त चुकीचे साठलेले आहे तिथून सुरुवात करावी, आणि ते खंड कोणते हे माझ्या त्या फळ्याने मला सांगितले आहे. ते शहराने रोज सांगितले आहे. गेल्या वर्षी पीएमपीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या आसनावर एक आफ्रिकी तरुण बसला होता. समोरच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने आईच्या पदराला धरून मोठ्याने विचारले, “आई, हा असा का आहे?” आईने त्याचे तोंड दाबले आणि खिडकीकडे वळवले. त्या तरुणाला मराठी कळत असावे, कारण तो हसला आणि मग त्याने मान खाली घातली. मुलाच्या प्रश्नात काही वाईट नव्हते. त्याला उत्तर मिळायला हवे होते, आणि आईजवळ ते नव्हते, कारण तिलाही चौथीत कोणी ते दिलेले नव्हते.

या जानेवारीत ज्या शाळांमध्ये भोगीला भाकरी डब्यात येईल त्यांनी जमिनीवर नकाशा पसरून पाहावा. एक तास लागतो, खडू लागतो आणि तीळ नंतर झाडून घ्यावे लागतात.